वहिनी दचकायची थांबली

“बोला तुम्ही बिनधास्त. तिला मराठीतलं अर्धं डोक्यावरनं जातंय.”

काका हे माझ्याबद्दल बोलले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, चहाचा ट्रे घेऊन वाकलेली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोबाईलमधून डोकं न काढता कप उचलला. दादा पलंगावर पाय सोडून बसला होता आणि एकेक बोट मोडत होता.

“आमची मॅडम स्वप्नंबी इंग्लिशमधी बघती,” तो म्हणाला.

“मग ऐका. ही बहिरी सून आपल्याला ठेवायची न्हाय. रविवारी तिचा बाप येणार, मामा येणार. आपण भांडायचं न्हाय, आवाज चढवायचा न्हाय. एवढंच म्हणायचं, पोरगी पहिल्यापासनं बहिरी होती, तुम्ही दडवून आमच्या गळ्यात मारली. झालं. फसवणूक त्यांची. तोंड खाली घालून माघारी नेतेत ते.”

“डॉक्टरला दाखवा म्हणले तर?” अण्णांनी विचारलं.

“आजवर कुणी नेलीय का दवाखान्यात? मग आता कशाला नेतेत.”

दादानं अंगठा मोडला. तो त्याच्या हाताचा शेवटचा आवाज असायचा, सगळ्यात जाड.

चहा माझ्या मनगटावर सांडला. कढत होता. मी हात आखडून घेतला नाही आणि कुणी बघितलंही नाही. ट्रे घेऊन मी आत गेले, नळ सोडला आणि मनगट पाण्याखाली धरलं. वहिनी माझ्याकडे पाठ करून तूर निवडत बसली होती. नळाचं पाणी पत्र्याच्या घमेल्यात धाडधाड पडत होतं. ती वळली नाही.

माझं मराठी त्यांना वाटतं तेवढं कच्चं नाही. पाचवीपासून मी धाराशिवला इंग्रजी शाळेत होते, वसतिगृहात. सुट्टीत घरी आले की अण्णा मला पाहुण्यांसमोर उभं करायचे. “बोल की जरा इंग्लिश.” मी काहीतरी बोलायचे, पाहुणे माना डोलवायचे, आणि मग सुट्टी संपेपर्यंत माझ्याशी कुणाला काही बोलायचं नसायचं. मीही गप्प राहायचे. त्या गप्प राहण्याचा घरानं जो अर्थ काढला तो मी खोडला नाही. ज्याला कळत नाही असं वाटतं त्याच्यासमोर लोक सगळं बोलतात. काकूचे पुढचे दात कशानं गेले, काकांनी बांधावरून शेजाऱ्याच्या बैलाचा पाय कसा मोडला, हे मला कुणी सांगितलं नाही. ते माझ्यासमोर बोललं गेलं, मी भाजी निवडताना, हसत.

कॉलेज संपवून मी घरी परतले आणि घरातूनच लहान मुलांच्या ऑनलाईन शिकवण्या घ्यायला लागले. दिवसभर मी कॅमेरे बंद केलेल्या मुलांशी बोलायचे. काळ्या चौकोनांना विचारायचे, कळलं का. म्हणजे कुणी ऐकत नसताना बोलायची मला सवय होती. आपलं बोलणं कसं असतं हे मात्र मला माहीत नव्हतं.

आमचं गाव तेरखेडा, फटाक्यांचं. गावाबाहेरच्या शेडमध्ये माल बनतो. त्यातली एक शेड आमची. नवा माल वाळला की त्यातले थोडे माळावर नेऊन उडवून बघतात. कधी सकाळी दात घासताना, कधी जेवताना, कधी कुणाच्या मयताला माणसं जमलेली असताना धडाम होतं. कुणी मान वळवत नाही. मान वळवतो तो पाहुणा. शाळेत एकदा प्रयोगशाळेत काचेचं काहीतरी फुटलं. सगळ्या मुली किंचाळल्या आणि मी आकृती काढत राहिले. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुला कानाचा काही त्रास आहे का? मी नाही म्हणाले. आमच्याकडे असंच असतं, हे त्यांना सांगता आलं नाही.

वहिनी परंड्याची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती परसातून पाण्याची कळशी घेऊन येत होती. माळावर आवाज झाला. कळशी तिच्या हातातून सुटली, पायाच्या अंगठ्यावर आदळली, आणि ती दोन्ही कानांवर हात दाबून मटकन खाली बसली. अंगणातले सगळे हसले. अंगठ्याचं नख उलटलं होतं, रक्त पाण्याबरोबर फरशीवरून मोरीकडे चाललं होतं, तरी हसतच होते. अण्णा तर डोळे पुसायला लागले.

“किल्ल्यावर एवढाल्या तोफा हायत परंड्याच्या,” ते म्हणाले, “अन् तिथली पोरगी लवंगीला आडवी.”

मग तो खेळच झाला. माळावर माणूस गेलेला दिसला की दादा सगळ्यांना डोळ्यानं खुणावायचा, आता बघा. आवाज व्हायचा, वहिनीचे खांदे कानांपर्यंत उडायचे, हातातलं काहीतरी पडायचं. एकदा उकळतं दूध पायावर पडलं. चामडी सालीसारखी निघाली. तेव्हाही दादा म्हणाला, “दूध वाया घालवलंस.”

ती आमच्या घरी आली तेव्हा घरातली एकमेव दचकणारी होती. हे मी पुढे पुन्हा सांगणार आहे.

पाऊस ओसरला होता आणि दिवाळीचा माल जोरात चालू होता. वहिनी भाकरी करत होती. दादानं शेडवरून फोन केला. तिचा फोन आतल्या खोलीत उशीखाली वाजत राहिला. दादा मोटरसायकलवर आला, गाडी स्टँडवर न लावता भिंतीला टेकवली आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. मी पाणी प्यायला निघाले होते. माझा एक पाय उंबऱ्याच्या आत होता.

“फोन कशाला घेऊन दिलाय तुला?”

“हात पिठात होते,” वहिनी म्हणाली आणि तिनं दोन्ही हात वर करून दाखवले. अजूनही ते मला तसेच दिसतात, कोपरापर्यंत पांढरे.

त्यानं खांद्यापासून जोर लावून तिच्या डाव्या कानावर मारलं. तिचं डोकं फडताळाच्या कडेवर आपटलं. डबे हलले. ती सरळ झाली तसं त्यानं पुन्हा मारलं, त्याच कानावर, आणि दुसऱ्या वेळी त्यानं हात वाटीसारखा केला होता. तो आवाज मोठा नव्हता. फुगवलेली कागदी पिशवी उशीखाली फोडावी तसा होता. त्याच वेळी माळावर धडाम झालं. बाहेरच्या खोलीत आई टीव्हीसमोर बसली होती. ती म्हणाली, “आज लवकर चालू केलं की माल बघायला.”

दादा माझ्या खांद्याला घासून बाहेर गेला. “बाजूला हो, मॅडम.”

तव्यावरची भाकरी जळाली होती. वहिनीनं ती उलटली, उतरवली, नवीन थापली. मग तिच्या कानातून पातळ काहीतरी मानेवर आलं. तिनं ते पिठाच्या हातानंच पुसलं. पीठ लाल झालं, ते तिनं बघितलं आणि परातीतला तेवढा गोळा काढून बाजूला ठेवला.

त्यानंतर मार वाढला, आणि त्याचं कारण तो कान होता. दादा मागून हाक मारायचा, ती वळायची नाही. वळली नाही की तो म्हणायचा, लक्ष कुठं असतं हिचं. आई म्हणायची, लक्षच नसतं. काकू म्हणायची, माहेराकडं असंल लक्ष. मग तो मारायचा, आणि मारलं की ऐकू येणं आणखी कमी व्हायचं. उजव्या कानालाही कापूस घातल्यासारखं झालं. दाराच्या मागे खिळ्याला ठिबकच्या नळीचा एक तुकडा टांगलेला असायचा, छत्रीच्या शेजारी. तो आधी नारळाच्या झाडाला पाणी द्यायला होता. ती नळी हवेतून येताना बारीक शिट्टी वाजते. मला ती माझ्या खोलीत ऐकू यायची आणि माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. वहिनीला ती ऐकू येत नसे. त्यामुळे तिला आधी अंग आखडून घ्यायलाही मिळायचं नाही. पाठीवर, पोटऱ्यांवर, एकदा बोटांवर. बोटांची नखं काळी पडली आणि दिवाळीच्या आसपास गळाली. ती लाडू वळत होती आणि घरात पाहुणे म्हणत होते, सूनबाईच्या हाताला चव आहे.

आणि ती दचकायची थांबली. दिवाळीच्या तोंडावर दिवसभर माळावर धडाम होत होतं आणि ती अंगणात शांत उभी राहून कपडे वाळत घालत होती. आईनं ते बघितलं. तिला बरं वाटलं.

“रुळली बाई,” ती काकूला म्हणाली. “झाली आता आपल्यातली.”

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एका सकाळी अण्णा ओट्यावर मोबाईल बघत बसले होते.

“अण्णा, एक सांगू का?”

“हं.”

“तुम्ही कामात असाल तर नंतर…”

“हं.”

“वहिनींच्या कानाचं. म्हणजे दादा जे… ते जरा…”

“हं.” त्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला. कुठल्यातरी गावात एक यंत्र दगड फोडत विहीर खणत होतं. “कसलं मशीन हाय बघ.”

मी यंत्र बघितलं. दगडाच्या ठिकऱ्या उडत होत्या. मी चांगलं आहे म्हणाले. खोलीत आल्यावर मला माझं सगळं बोलणं पुन्हा ऐकू आलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. त्यात एकही वाक्य नव्हतं. दार वाजवणं होतं, आणि दार उघडायच्या आत पळून जाणं होतं. अण्णांनी ऐकलं नाही हे खरं. पण ऐकलं असतं तरी त्यांच्या हाताला काय लागलं असतं?

आईला सांगायला गेले तेव्हा ती पीठ चाळत होती. या वेळी मी परवानगी मागितली नाही. “आई, वहिनींना कमी ऐकू येतंय,” म्हणाले.

“मलाबी कमी ऐकू यायलंय. वय झालं.”

“तसं नाही.”

“मग कसं?” चाळणी हलत होती. “ती मिठाची बरणी दे इकडं.”

मी बरणी दिली. आणि देताना माझ्या लक्षात आलं की मनात मी ‘दादानं कान फोडला’ असं धरून आले होते आणि तोंडातून ‘कमी ऐकू येतंय’ एवढंच निघालं. मधल्या मधे मीच त्याचं टोक घासून टाकलं. कुणाला लागू नये म्हणून.

यानंतर एकदा दादा नळी काढत असताना मी मधे गेले. ठरवून गेले नाही, पाय गेले. मी म्हणाले, “डोन्ट टच हर. जस्ट डोन्ट.”

तो थांबला. त्याला गंमत वाटली. “पुन्हा म्हण की,” तो म्हणाला. मी पुन्हा म्हणाले. मग त्यानं नळी धरलेली मूठ माझ्या तोंडावर मारली. खालचा ओठ दातावर फाटला. रक्त हनुवटीवरून कुर्त्यावर आलं आणि मी ते ओंजळीत धरायला लागले, फरशी खराब होऊ नये म्हणून. आई धावत आली. तिनं आधी फरशी बघितली, मग मला. “तू कशाला मधी जातीस?” ती म्हणाली. दादा नळी टाकून निघून गेला. त्या दिवशी वहिनीला मार बसला नाही, एवढं झालं.

तिनं मला मागच्या पायरीवर बसवलं आणि ओल्या फडक्यानं ओठ दाबून धरला.

“काय म्हणालाव त्यास्नी?”

“डोन्ट टच हर.”

“म्हंजे?”

“हिला हात लावू नको.”

“मग तसंच म्हणायचं की,” वहिनी म्हणाली. “त्यास्नी वाटलं तुम्ही धडा म्हणून दाखवायलाव.”

मला हसू आलं आणि ओठ पुन्हा फुटला. पण ती बरोबर बोलली होती. भीती वाटली की मी इंग्रजीत शिरते. तिथे घरातलं कुणी माझ्या मागे येऊ शकत नाही. मी त्याला धीटपणा समजत होते.

त्या दिवसापासून आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसायला लागलो, कधी शेंगा फोडत, कधी तूर निवडत. वहिनीशी बोलायचं तर तिचे नियम होते.

“मागनं बोलू नका ताई. समोर या. उजवीकडं.”

मी उजवीकडे बसायचे.

“काय म्हणालाव? शेवटचं गिळलं.”

मी पुन्हा सांगायचे.

“पुन्हा गिळलं. तुम्ही वाक्य अर्ध्यात सोडून पळताव. पळू नका, मी हाय बसलेली.”

ती माझ्या तोंडाकडे बघायची. ओठांकडे, दातांकडे, हनुवटीकडे, टक लावून. इतका वेळ माझ्या तोंडाकडे कुणी बघितल्याचं मला आठवत नव्हतं. सुरुवातीला मला ते सोसवेना, मी मान खाली घालायचे, आणि मान खाली गेली की तिला काही कळायचं नाही. म्हणून मान वर ठेवावी लागली. तिच्याशी ‘म्हणजे’ आणि ‘जरा’ आणि ‘तसं काही नाही’ चालत नसे. त्यातलं तिला काहीच पोचायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट, पूर्ण, शेवटच्या शब्दापर्यंत. जे घर ऐकत नव्हतं तिथे मी बोलणं चोरायला शिकले होते. जिचे कान फोडले होते तिच्यासमोर मला ते परत जोडावं लागत होतं.

तर त्या दिवशी, मनगट पाण्याखाली धरून झाल्यावर, मी तिच्या समोर जाऊन बसले. उजवीकडे. आणि काकांनी ठरवलेलं सगळं सांगितलं. एकदाच सांगावं लागलं.

तिचे हात तुरीत फिरत राहिले. एक खडा सापडला, तो तिनं भिंतीवर इतक्या जोरात मारला की पोपडा उडाला.

“मला इथं ऱ्हायचं न्हाय,” ती म्हणाली. “जायचंच हाय मला. हे हातपाय हायत तवर जायचंय. पर असं न्हाय. माझ्या धाकटीचं जमत आलंय. थोरली जन्माची बहिरी निघाली म्हणलं की ते मोडलं. बाप माझा पेठेत मान वर करायचा न्हाय.”

“तुम्ही सांगा की बैठकीत.”

“मी सांगून काय व्हतंय? सुनेचं तोंड चालतंय म्हणतील. अन् चार माणसं एकदम बोलाय लागली की मला काय कळतंय, ताई? नुसती तोंडं हालताना दिसतेत.” तिनं तूर पाखडली. “या घरातल्या कुणी सांगितलं तर खरं धरतील.”

कुणी म्हणजे कोण, ते ती म्हणाली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. पहिल्यांदाच ती बोलताना दुसरीकडे बघत होती.

रविवारी तिचे वडील आणि मामा आले. वडिलांचं परंड्याला बस स्टँडजवळ छोटं दुकान आहे, किराणा आणि स्टेशनरी. सदऱ्याच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. ते सतरंजीच्या अगदी कडेला बसले, चप्पल दिसेल अशा जागी. पोहे झाले. चहा झाला. बायका स्वयंपाकघराच्या दाराआड. वहिनी माझ्या डाव्या हाताला उभी होती आणि माझा हात धरून होती. काळी पडून, गळून नव्यानं उगवलेली तिची नखं माझ्या तळव्यात रुतत होती.

काकांनी आवाज चढवला नाही. दूध नासलंय असं शेजाऱ्याला सांगावं, तसं सांगितलं.

“न्हाय हो,” वहिनीचे वडील म्हणाले. “माझी पोरगी बहिरी नव्हती.”

“मग आता कशानं झाली? हवा लागून?”

“तेच आमी विचारायलाव तुमाला,” मामा म्हणाले.

“विचारू नका, बघा.” काकांनी आत बघून हात हलवला. “सूनबाईला बाहेर आणा.”

आईनं वहिनीचा दंड धरून तिला बाहेर नेलं आणि अंगणाकडे पाठ करून उभं केलं. काकांनी मागून टाळी वाजवली. वहिनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, एकाकडून दुसऱ्याकडे. काकांनी तिच्या नावानं हाक मारली. मामा म्हणाले, अशी परीक्षा असते का माणसाची.

“थांबा,” दादा म्हणाला. तो अंगणात उतरला. त्याच्या खिशात सुतळी बॉम्ब होता. आमच्याकडे पुरुषांच्या खिशात असतोच, दुसऱ्यांच्या खिशात किल्ल्या असाव्यात तसा. त्यानं तो तुळशीकट्ट्यामागे, तिच्या पाठीपासून फार तर खाटेएवढ्या अंतरावर ठेवला आणि वात पेटवली.

वहिनीच्या वडिलांनी उठायचा प्रयत्न केला. ते अर्धे उठले आणि तो फुटला.

खिडकीची काच थरथरली. वडील मागे कोसळले, बशी त्यांच्या पायाखाली फुटली, तळव्यात काच गेली. मामांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. तुळशीची माती वहिनीच्या पाठीवर, केसांत, मानेवर उडाली. ती उशिरा, पायाखालून काही गेल्यासारखी, जराशी वळली.

“झालं समाधान?” दादा धुरातून म्हणाला. “जन्माची बहिरी. एवढ्याला मुंगीबी हालती.”

मी दाराआडून सगळ्यांकडे बघत होते. दोन माणसं दचकली होती, दोन्ही परंड्याची. काकांच्या कपातला चहा हलला नव्हता. आईनं पदर सावरला. काकूनं जांभई दिली. अण्णांचा अंगठा मोबाईलवर फिरतच होता. मीही हलले नव्हते. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि मला शाळेतल्या त्या बाई आठवल्या. या खोलीत जो हलला नाही तो बहिरा, असं धरलं तर आम्ही सगळेच बहिरे होतो.

वहिनीचे वडील तळव्यातून काच काढत होते. रक्ताचे थेंब सतरंजीवर पडत होते आणि ते खाली बघूनच म्हणाले, “बरं. नेतो मी तिला. मोठ्या माणसांपुढं काय बोलायचं. चूक आमचीच…”

वहिनीला ते ऐकू गेलं नाही. तिनं त्यांचे ओठ वाचले. तिचा चेहरा मी बघितला.

मी बाहेर आले.

“कप राहू दे, नंतर ने,” काका मला म्हणाले आणि पुन्हा पाहुण्यांकडे वळले.

“एक सांगू…” माझ्या तोंडून निघालं. ते मी तिथेच तोडलं. कुणी बघितलं नव्हतं. दादा हाताला लागलेली फटाक्याची दारू पँटला पुसत होता, आई फुटकी बशी गोळा करत होती. मी अण्णांच्या समोर गेले, वाकले आणि त्यांच्या मोबाईलवर पालथा हात ठेवला, पडदा पूर्ण झाकला जाईल असा. त्यांनी वर बघितलं. बघताना त्यांना मी कोण हे ओळखायला एक क्षण लागला.

“काय गं?”

दादा दोन पायऱ्या चढून वर आला. “मॅडम, आत हो.” त्याचा हात वाटीसारखा झाला होता, बहुतेक त्याच्याही नकळत. माझा ओठ आपोआप आत गेला. जिभेवर पहिला शब्द इंग्रजी आला. तो मी गिळला. एरवी मी शेवटचा गिळते, या वेळी पहिला गिळला.

मग मी वहिनीच्या समोर जाऊन उभी राहिले, उजवीकडे. दादाचा हात आता माझ्या पाठीमागे होता आणि मला दिसत नव्हता. वहिनीनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिच्या भुवयांवर माती होती. मी मान वर ठेवली आणि पायरीवर तिच्याशी बोलायचे तसं, पण सगळ्यांना जाईल एवढ्या मोठ्यानं, शेवटच्या शब्दापर्यंत बोलले:

“लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माळावर आवाज झाला तेव्हा वहिनींच्या हातातून कळशी पडली आणि दोन्ही कानांवर हात ठेवून त्या खाली बसल्या. तुम्ही सगळे हसलात. अण्णा, तुम्ही सगळ्यात जास्त हसलात, तुम्ही परंड्याच्या तोफांचं बोललात. त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत होतं. डावा कान दादानं फोडला, इथे स्वयंपाकघरात, फोन उचलला नाही म्हणून, हात वाटीसारखा करून. मी दारात उभी होते. मी बघितलं.”